लिहून झालेले आणि लिहायचे राहिलेले

कादंबरी लिहिणारा माणूस गावात असला म्हणजे त्याला हमखास दोन प्रश्न विचारले जातात. 'आजवर किती झाल्या?' हा पहिला आणि 'सध्या कोणती चालू आहे?' हा दुसरा. शेतकऱ्याला यंदा किती पोती झाली आणि रानात आता काय उभे आहे, असे विचारावे तितक्याच सहजपणे लोक हे विचारतात. त्यात कुचेष्टा नसते, असलेच तर थोडे कुतूहल असते. परंतु नीट पाहिले तर कादंबरीकाराचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांत सामावलेला आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विद्वान यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतात. अमुक साली अमुक कादंबरी, तमुक साली तमुक, अशी त्यांची यादी असते आणि लेखक वारला की ती यादी पुरी झाली असे समजतात. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहतो. लेखकाच्या टेबलावर काय होते, मनात काय होते, ते का झाले नाही आणि जे झाले ते कशातून वेळ काढून झाले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. दिवाळीत वह्यांची पूजा होते. व्यापाऱ्याच्या वहीत जमा असते तशी येणे बाकीही असते; बाकीचे पान फाडून टाकले तर ती वही खरी नव्हे. कादंबरीकाराची वही तेवढी आपण अर्धीच वाचतो. यंदाच्या दिवाळीत ती दोन्ही पानांनी वाचावी, एवढ्यासाठी हा लेख.

आरंभ शब्दापासूनच करू. हिंदीत ज्याला उपन्यास म्हणतात आणि गुजरातीत नवलकथा, त्याला आपण कादंबरी म्हणतो. हे नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेचे. सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या या थोर लेखकाने आपल्या नायिकेचे नाव ग्रंथाला दिले आणि बाराशे वर्षांनी मराठी माणसांनी तेच नाव सबंध वाङ्मयप्रकाराला दिले. येथे एक गोष्ट आपण विसरतो. बाणाची ती 'कादंबरी' त्याच्या हातून पुरी झाली नाही. कथा मध्यावर असतानाच तो गेला आणि उत्तरभाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहून पुरा केला. म्हणजे ज्या ग्रंथावरून आपल्या कादंबरीला नाव मिळाले, तो मुळात राहून गेलेला आणि घरच्या माणसाने पुढे नेलेला ग्रंथ आहे. याहून बोलका योगायोग शोधून सापडणार नाही.

मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'चा उल्लेख होतो. ती १८५७ साली निघाली. विधवांच्या हालांची ही कहाणी. तिच्यामागून १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. त्या काळी 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ 'भाषांतर नसलेली' एवढाच होता. पुस्तक स्वतंत्र असे. ते लिहिणारा मात्र स्वतंत्र असेच असे नाही. त्याला नोकरी असे, संसार असे, छापखान्याचे देणे असे. मराठी कादंबरीचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या परतंत्र माणसांनी लिहिलेल्या स्वतंत्र पुस्तकांचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

हरिभाऊंचेच पाहा. हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातील पारोळ्याचा. 'मधली स्थिती' ही त्यांची कादंबरी १८८५ साली प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. कॉलेजात गेले, पण गणित आडवे आले आणि पदवी राहिली ती राहिलीच. पुढे पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, नगरपालिकेचे काम होते, आणि १८९० साली काढलेले 'करमणूक' हे साप्ताहिक तर दर आठवड्याला दार ठोठावीत होते. 'पण लक्षात कोण घेतो?', 'मी', 'उषःकाल' या साऱ्या त्या साप्ताहिकाच्या पानांतून प्रकरणाप्रकरणाने बाहेर पडल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असे, आणि पुढच्या अंकात काय येणार याची चिंता लेखकाला असे. आज आपण 'पण लक्षात कोण घेतो?' हे जाडजूड पुस्तक एका दमात वाचतो तेव्हा यमूच्या आयुष्याचे ते तुकडे वर्षानुवर्षे सुटे सुटे लिहिले गेले, हे ध्यानातही येत नाही.

या रीतीचा एक फायदा असा, की लेखकाला थांबता येत नाही. आणि तोटाही तोच. एकाच माणसाने दर आठवड्याला अंक भरायचा, गावाची कामे करायची आणि कादंबरीही पुढे न्यायची, म्हणजे काही तरी मागे पडणारच. विजयनगरच्या पाडावावरची 'वज्राघात' ही कादंबरी त्यांनी १९१३ ते १९१५ या काळात पुरी केली. 'कर्मयोग' मात्र अपुरीच राहिली. १९१९ च्या मार्चमध्ये हरिभाऊ वारले. मराठी कादंबरीचे जनक म्हणून ज्यांना आपण नमस्कार करतो त्यांच्या वहीतसुद्धा बाकी आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण नाथमाधवांचे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. तरुणपणी सिंहगडावरून पडून त्यांच्या कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्या माणसाला गड चढण्याची हौस, त्याच्या वाट्याला अंथरूण आले. त्या अंथरुणावरून त्यांनी 'वीरधवल' लिहिली, 'डॉक्टर' लिहिली, आणि मग स्वराज्याची कादंबरीमाला हाती घेतली. 'स्वराज्याचा श्रीगणेशा' हे तिच्यातील एका कादंबरीचे नाव. स्वतः एक पायरी उतरू न शकणाऱ्या माणसाने महाराष्ट्रातल्या हजारो मुलांना सह्याद्रीचे गड चढवले. आमच्या आजोबांच्या पिढीने शिवकाल शाळेच्या पुस्तकात वाचला त्याहून अधिक नाथमाधवांत वाचला असेल. १९२८ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. एखाद्या माळेचा संकल्प सोडणे म्हणजे आयुष्याकडे उधारी मागणे असते. ती मिळेलच असे नाही, हे ठाऊक असूनही माणसे संकल्प सोडतात, आणि त्यामुळेच वाङ्मय पुढे सरकते.

तिसरे उदाहरण एका शाळामास्तरांचे. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत त्या सागरकाठच्या लहानशा गावात राहिले. कॉलेजचे शिक्षण अर्ध्यावर सुटले होते. शाळा सांभाळून त्यांनी 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' या कादंबऱ्या लिहिल्या. १९४२ साली 'क्रौंचवध' आली. त्यानंतर मात्र त्यांची नवी कादंबरी बारा वर्षे आली नाही. १९५४ साली 'अश्रू' आली तेव्हा मधल्या काळात किती जणांनी 'आता खांडेकर संपले' असा निकाल दिला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पण १९५९ साली 'ययाति' आली, आणि तिच्या या कर्त्याला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीतला तो पहिलाच. १९५० साली कोणी खांडेकरांची वही मिटून बेरीज केली असती, तर तीत 'ययाति' नसती. लेखकाची बेरीज मध्येच करू नये, ती यासाठी.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आता आपल्या मुलखाकडे येतो. ज्या कादंबरीकाराच्या वहीतली बाकी मराठवाड्याला अजून सलते, त्याच्यासाठीच हे सगळे सांगितले.

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. परभणीच्या पुढे, पूर्णेच्या वाटेवर, त्याच मार्गावर आमचे पिंगळीचे लहानसे स्टेशन आहे. आणि परभणीच्या अलीकडे, परतूर आणि सेलू यांच्यामध्ये, सातोना नावाचे तसेच एक लहान स्टेशन आहे. जलद गाड्यांतील प्रवाशांना ही दोन्ही नावे वाचायलाही मिळत नाहीत. त्या सातोन्यात १५ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म झाला. परतूर तालुका १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात गेला. पण तेव्हा तो परभणी जिल्ह्यात होता आणि परभणी निजामाच्या राज्यात. पुढे महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते बी. रघुनाथ या सुटसुटीत नावाने.

त्या वेळच्या मराठवाड्यात मराठी कादंबरी लिहिणे म्हणजे काय होते, हे आजच्या तरुण वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील लोक मराठी बोलत, पण राज्याची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. दरबार, कचेरी, कोर्ट, सगळीकडे उर्दूचा अंमल. मराठी ही घरातली, शेतातली, कीर्तनातली भाषा. सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. मोठे मराठी प्रकाशक आणि मासिके राज्याबाहेर, पुण्या-मुंबईकडे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली भरले ते परतूरला, म्हणजे सातोन्याच्या अगदी शेजारी. त्यावरून त्या भागातल्या माणसांच्या मनात काय चालले होते याची कल्पना येईल.

अशा मुलखातला हा मुलगा हैदराबादला शिकला, मॅट्रिक झाला आणि तेवढ्यावरच त्याचे शिक्षण थांबले. घरची परिस्थिती पुढे शिकू देणारी नव्हती. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, ज्याला तेव्हा तामीरात म्हणत, त्याने १९३२ च्या सुमारास कारकुनाची नोकरी धरली आणि अखेरपर्यंत ती सोडली नाही. रस्ते, पूल, सरकारी इमारती यांचे कागद दिवसभर पुढ्यात; आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबरी.

आता ती यादी पाहू. यादी रुक्ष असते, पण ही जरा लक्ष देऊन वाचावी. १९३६ साली 'ओ' ही पहिली कादंबरी आली. तेव्हा लेखक तेवीस वर्षांचा. त्यानंतर १९४० साली 'साकी' हा कथासंग्रह आणि १९४१ साली 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह. कादंबरी मात्र सात वर्षे नाही. मग १९४३ साली 'हिरवे गुलाब', १९४४ साली 'बाबू दडके', १९४५ साली 'उत्पात' आणि १९४६ साली 'म्हणे लढाई संपली'. ओळीने चार वर्षे, दर वर्षाला एक कादंबरी! शिवाय १९४५ मध्येच 'अलकेचा प्रवासी' हे लेखांचे पुस्तक. पुढे १९४८ साली 'फकिराची कांबळी', १९४९ साली 'जगाला कळले पाहिजे' ही कादंबरी आणि १९५१ साली 'छागल' हा कथासंग्रह.

या सनावळीत किती तरी गोष्टी दडल्या आहेत. ती चार वर्षे कोणती? दुसऱ्या महायुद्धाची आणि त्याच्या लगतची. कागदाची टंचाई, धान्याची टंचाई, महागाईने पगारदार माणसाची झालेली दैना. असल्या काळात कारकुनाने दर वर्षी एक कादंबरी द्यावी, हा सुखवस्तू माणसाचा छंद नव्हे. १९४५ साली युद्ध थांबले आणि १९४६ साली पुस्तक आले त्याचे नाव 'म्हणे लढाई संपली'. यातला तो 'म्हणे' पाहा. एका शब्दात सामान्य माणसाचा सगळा अविश्वास आला आहे. लढाई संपली असे सरकार म्हणते, वर्तमानपत्र म्हणते; चुलीपुढच्या बाईला ते खरे वाटले पाहिजे ना!

तसेच 'जगाला कळले पाहिजे' या नावाचे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य संपले. कादंबरी आली १९४९ मध्ये. निजाम सरकारच्या नोकराला असले नाव दोन वर्षे आधी पुस्तकावर घालता आले असते काय, याचा विचार वाचकांनीच करावा. काही पुस्तके लेखकाच्या मनात तयार असतात, पण काळ तयार नसतो. 'सध्या कोणती चालू आहे?' या प्रश्नाचे उत्तर कधी कधी लेखकाला उघडपणे देता येत नाही, ते यामुळे.

आणखी एक गंमत नावांची. 'साकी' हा फारसीतून आलेला शब्द. फकीर अरबीतून आलेला, पण त्याची कांबळी अस्सल मराठी. दिवसा उर्दूच्या अमलाखालच्या कचेरीत बसणाऱ्या आणि रात्री मराठीत लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीत हे दोन्ही प्रवाह सहज एक होतात. उर्दूने मराठवाड्यातल्या मराठीची गळचेपी केली हे खरे. पण त्याच उर्दूतली गोडी उचलून मराठवाड्यातल्या मराठीने आपले सोने केले, हेही तितकेच खरे. बी. रघुनाथांच्या पुस्तकांची नावे याची साक्ष देतात. पुण्याच्या पेठेत बसून 'फकिराची कांबळी' हे नाव सुचायला जरा अवघडच गेले असते.

७ सप्टेंबर १९५३. परभणीतील कचेरी. काम करता करताच हृदयविकाराने बी. रघुनाथ गेले. वय चाळीस.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. खांडेकर चाळीस वर्षांचे झाले १९३८ साली. तोवर त्यांच्या सहा-एक कादंबऱ्या झाल्या होत्या, बी. रघुनाथांच्याही हयातीत सहाच प्रसिद्ध झाल्या. पण चाळिशीनंतर खांडेकरांनी 'क्रौंचवध' लिहिली, 'अश्रू' लिहिली, 'ययाति' लिहिली. हरिभाऊ चाळिशीला आले तेव्हा 'वज्राघात' अजून दूर होती. म्हणजे चाळिसावे वर्ष हे कादंबरीकाराच्या हयातीची दुपार असते. मुलूख बदलत होता, राज्य बदलले होते, ज्या मराठीला दारात उभे राहावे लागत होते तिला आता घरात बसायला जागा मिळाली होती. पाहिलेले पुष्कळ होते आणि ते सांगायला बंदी नव्हती. नेमक्या त्या वेळी लेखणी थांबली. मराठवाड्याच्या वाङ्मयाची ही सर्वांत मोठी बाकी आहे, आणि ती कोणत्याही वाङ्मयेतिहासाच्या यादीत लिहिलेली नाही.

मात्र वही तेथेच मिटली नाही. मृत्यूनंतरच्याच वर्षी, १९५४ साली, 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ही सातवी. १९५५ साली 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा कवितासंग्रह आणि 'आकाश' हा कथासंग्रह आला. १९५६ साली 'काळी राधा'. हयातीत अकरा पुस्तके आणि निधनानंतर तीन वर्षांत चार. ज्या लेखकाची चार पुस्तके तो गेल्यावर निघतात, त्याचे कागद कोणी तरी जपलेले असतात. पुस्तक आपोआप बाहेर पडत नाही. कोणी तरी ते गठ्ठे सोडावे लागतात, अक्षर लावावे लागते, पाने अनुक्रमाने रचावी लागतात, प्रकाशकाच्या दारी जावे लागते, मुद्रिते तपासावी लागतात. हे काम करणाऱ्याचे नाव पुस्तकाच्या पाठीवर येत नाही. बाणाच्या मुलाने उत्तरभाग लिहिला. सगळ्यांना तो लिहिता येणार नाही, पण पूर्वभाग जपणे तर कोणालाही शक्य आहे. 'आडगावचे चौधरी' आज वाचता येते ती अशा जपणुकीच्या पुण्याईवर.

आता मनात एक प्रश्न येतो. हा माणूस पूर्णवेळ लेखक असता, तर? कचेरीचे ते रोजचे तास त्याला मोकळे मिळाले असते, तर कादंबऱ्या दुप्पट झाल्या असत्या काय? असे प्रश्न विचारणे सोपे असते, आणि त्यांची रडवेली उत्तरे देणे त्याहून सोपे. माझे मत थोडे वेगळे आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षणही मॅट्रिकपलीकडे गेले नाही आणि त्याच्या कादंबऱ्याही शाळा सुटल्यावरच लिहिल्या जातात. म्हणून हे मत थोडेसे घरचे आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. नोकरी कादंबरीकाराचा वेळ खाते यात शंका नाही. पण माणसे पुरवते तीच. बांधकाम खात्याच्या कारकुनापुढे ठेकेदार येतो, मजूर येतो, पाटील येतो, साहेब येतो, आणि प्रत्येक जण आपली खरी भाषा बोलतो, कारण कारकुनापुढे कोणी नाटक करीत नाही. 'बाबू दडके' हे नाव सुचण्यासाठी शेकडो बाबू रोज पाहावे लागतात. नोकरीने बी. रघुनाथांकडून घेतले ते वर्षांच्या हिशेबात मोजता येते; दिले ते पुस्तकांत मुरलेले आहे, म्हणून मोजता येत नाही. तेव्हा दोष एकट्या नोकरीला देऊन भागणार नाही. खरी उणीव होती ती आजूबाजूच्या आधाराची. जवळ वाचनालये थोडी, मासिके दूर, समीक्षक त्याहून दूर. परभणीत बसून लिहिलेल्या कादंबरीची चर्चा परभणीतच होईल असा काळ तेव्हा नव्हता.

तो काळ पुढे हळूहळू आला. हैदराबादेत १९४३ साली स्थापन झालेली साहित्य परिषद पुढे मराठवाडा साहित्य परिषद झाली आणि १९५३ साली, म्हणजे बी. रघुनाथ गेले त्याच वर्षी, तिचे 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक सुरू झाले. राज्य पुनर्रचनेत १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. आज परभणीत बी. रघुनाथांच्या नावाचे सभागृह आहे, महाविद्यालय आहे, त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव होतो. छत्रपती संभाजीनगरला त्यांच्या नावाने मराठी लेखकांना पुरस्कार दिला जातो. ज्या गावाच्या कचेरीत लेखक काम करता करता गेला, त्या गावाने त्याचे नाव दिवाणखान्यात लावले. हे भूषणावह आहे खचित.

आणि त्याहूनही समाधानाची गोष्ट अशी, की या मातीत कथा-कादंबरीचे पीक पुन्हा उभे राहिले. सेलू तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे 'तसनस' ही त्यांची कादंबरीही आली. खेड्यातला माणूस, त्याची शेती, त्याचे राजकारण, त्याचे मुकेपण, हा त्यांचा विषय. सातोना आणि सेलू ही लगतची स्टेशने आहेत, हे मघाशी सांगितलेच. मधे लोटली ती वर्षे मात्र साठाहून अधिक. बी. रघुनाथांनी जे लिहायचे ठेवले असेल ते दुसऱ्या कोणी लिहिले असे म्हणता येणार नाही. एकाचे पुस्तक दुसऱ्याला लिहिता येत नाही. पण बाकी फिटते ती अशीच, पिढ्यांच्या हप्त्याने.

तरीही सभागृहाला नाव देणे ही एक गोष्ट आणि पुस्तक वाचणे ही दुसरी. नाव घेण्याला खर्च नाही. वाचायला वेळ द्यावा लागतो, आणि तो देणारे लोक नसतील तर कितीही पुतळे उभारले तरी लेखक दुसऱ्यांदा मरतो. सभागृहात लग्नाच्या वाढदिवसापासून पक्षाच्या मेळाव्यापर्यंत सगळे होवो; वर्षातून एखाद्या संध्याकाळी घरच्या घरी चार माणसांनी बसून 'आडगावचे चौधरी'तली दहा पाने मोठ्याने वाचली, तर ते स्मारक अधिक पक्के होईल. दिवाळीच्या सुटीत सगळे घर एकत्र असते. फराळाच्या ताटाशेजारी एखादे जुने पुस्तक ठेवायला काय हरकत आहे?

जाता जाता, एक कळकळीची विनंती. दसरा झाला की घरोघर झाडलोट सुरू होते. माळे उतरवले जातात, पेट्या उघडल्या जातात, आणि दिवाळीच्या आधी रद्दीवाल्याचा काटा दारात येऊन उभा राहतो. वर्तमानपत्रे जाऊ द्यावीत. शाळेच्या भरलेल्या वह्याही जाऊ द्याव्यात. पण आजोबांच्या किंवा मावशीच्या अक्षरातले काही बाड हाताला लागले, तर ते काट्यावर टाकण्यापूर्वी चार पाने उलटून पाहावीत. मराठवाड्यातल्या किती कारकुनांनी, किती तलाठ्यांनी, किती मास्तरांनी आणि चूल विझवून रात्री कंदिलाशी बसलेल्या किती बायकांनी काही लिहिले असेल, याचा हिशेब कोणत्याच वाङ्मयेतिहासात नाही. त्यांतले पुष्कळ सामान्यच असेल. पण एखादे 'आडगावचे चौधरी' त्यात असेल, तर त्याचा भाव किलोवर करू नये.

आणि घरातच कोणी लिहीत असेल, तर त्याला 'किती झाल्या?' हे विचारण्याआधी 'सध्या कोणती चालू आहे?' हे विचारावे, आणि उत्तर ऐकायला जरा बसावे.